उंदराच्या प्लाझ्मासायटोमात 12;15 ट्रान्सलोकेशन कसं शोधायचं

प्लाझ्मासायटोमा म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींची गाठ, आणि 12;15 ट्रान्सलोकेशन म्हणजे तिच्यात 12 आणि 15 या गुणसूत्रांमध्ये झालेली तुकड्यांची अदलाबदल. उंदराच्या चाळीसही गुणसूत्रांत सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा चिमटलेला भाग) एका टोकालाच असतो, त्यामुळे आकारावरून 12 आणि 15 वेगळे ओळखू येत नाहीत. जी-बँडिंग (गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटवणारी रंगवण्याची पद्धत) लागतंच, आणि ते स्लाइडवर ठरतं.

जोमाने वाढणाऱ्या पेशी घ्या. कोलसेमिड (पेशीविभाजन मध्येच थांबवणारं औषध) 0.05 मायक्रोग्रॅम प्रति मिली, 45 मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर गुणसूत्रं आखूड, जाड होतात आणि पट्टे एकमेकांत मिसळतात. मग पेशी फुगवायला 37 अंशांचं 0.075 मोलर पोटॅशियम क्लोराइड, 12 ते 15 मिनिटं. मिथेनॉल आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड 3:1 प्रमाणात त्याच दिवशी मिसळा; हे फिक्सेटिव्ह, पेशी आहेत तशा टिकवणारं. पहिले थेंब नळी हलवत सोडा, नाहीतर पेशींचे गोळे होतात. फिक्सेटिव्ह तीनदा बदला.

नागपुरात खरी अडचण इथून पुढे, पेशींचे थेंब स्लाइडवर टाकताना. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की थेंब पसरायच्या आत फिक्सेटिव्ह उडून जातं. गुणसूत्रं गुंतलेली राहतात, फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखी चमकतात. खोलीत आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास हवी. कूलर आधी चालवून घ्या, पण थेंब टाकताना बंद करा, झोत स्लाइडवर नको. तेवढ्याने भागलं नाही तर स्लाइड काही सेकंद गरम पाण्याच्या वाफेवर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं उलटं: सुकायला वेळ लागतो, पेशी फुटून गुणसूत्रं इतस्ततः जातात, मोजणी चुकते. तेव्हा 40 अंशांची हॉट प्लेट वापरा. दर वेळी एकच स्लाइड सुकवून बघा, मगच बाकीच्या करा. नमुना थोडा असतो.

स्लाइड रात्रभर 60 अंशांवर ठेवा. ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) 0.05 टक्के, 20 सेकंदांपासून सुरुवात. कडा फुगून धूसर दिसल्या तर वेळ जास्त झाली. नंतर 5 टक्के गिम्सा रंग, पीएच 6.8.

आता वाचन. मिक (Myc, पेशींची वाढ चालवणारं) जनुक 15 वर मधल्या भागात, अँटीबॉडीच्या हेवी चेनची जनुकं 12 च्या शेवटाजवळ. तुकड्यांची अदलाबदल झाली की 12 लांब दिसतो आणि 15 आखूड. अनेक गाठी टेट्राप्लॉइडच्या (गुणसूत्रांचे दोनऐवजी चार संच) जवळ असतात, तेव्हा शेजारी चांगले 12 आणि 15 असतातच. एकाच पेशीवर निर्णय देऊ नका.

पीसीआरने (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून) खात्री करताना प्रायमरची, म्हणजे त्या तुकड्याची सुरुवात ठरवणाऱ्या छोट्या डीएनएची, दिशा सांभाळा. मिकचा पहिला एक्सॉन (जनुकाचा एक खंड) बहुधा तुटून दूर जातो आणि उरलेलं जनुक हेवी चेनच्या स्विच भागाला (अँटीबॉडीचा वर्ग बदलताना डीएनए जिथे तुटतो तो भाग), अनेकदा आल्फा वर्गाच्या, डोक्याला डोकं लावून जोडलं जातं. म्हणून मिकच्या दुसऱ्या एक्सॉनमधला आणि सी-आल्फातला (आल्फा वर्गाच्या स्थिर भागाच्या जनुकातला), दोन्ही प्रायमर अँटिसेन्स, म्हणजे आपापल्या जनुकाच्या उलट दिशेचे. तुटण्याची जागा गाठीगणिक बदलते, म्हणून लाँग (लांब तुकड्यांचा) पीसीआर, मग आतल्या प्रायमरची नेस्टेड फेरी आणि जोडाचं सिक्वेन्सिंग.

काहीच उत्पादन आलं नाही तर 6;15, म्हणजे 6 आणि 15 मधली अदलाबदल, तपासा. तिथे तूट मिकपासून बरीच पुढे, पीव्हीटी-1 (Pvt1) नावाच्या जनुकाच्या भागात असते. मिक जसंच्या तसं दिसतं आणि हा पीसीआर रिकामाच येतो. ते पट्ट्यांवर किंवा फिशवरच (FISH, चमकत्या डीएनए-खुणांनी जनुकाची जागा दाखवणारी पद्धत) दिसतं.