सूडकथेच्या कॉमिकचं काळंकुट्ट पान कसं काढावं

11 बाय 17 इंचांचा ब्रिस्टल बोर्ड (जाड चित्रकागद) घ्या आणि चित्रं 10 बाय 15 इंचांत बसवा. पाच-सहा चौकटी पुरेत.

पेन्सिलीनं आधी उजेड कुठून येतो ते ठरवा आणि तो एकच ठेवा: रस्त्यावरचा दिवा किंवा दाराची फट. दोन दिवे आले की सावल्या फिक्या पडतात, भीती जाते. जिथे पूर्ण काळं हवं तिथे छोटी फुली मारा. मोठे काळे भाग ब्रशनं, वॉटरप्रूफ शाईचे दोन हात देऊन भरा. पहिला हात ओला असतानाच दुसरा दिलात तर कागद फुगतो, पट्टे उमटतात.

ठोशापेक्षा त्याआधीची चौकट मोलाची: आवळलेली मूठ, अंगठीवर उजेडाची बारीक रेघ, बाकी अंधार. रक्त प्रत्येक चौकटीत सांडलं की वाचक तिसऱ्या पानावरच निर्ढावतो.

‘पनिशर’, गुन्हेगारांना स्वतःच शिक्षा देणारा कॉमिकमधला नायक, 1974 साली स्पायडर-मॅनच्या अंकात आला तो स्पायडर-मॅनचा शत्रू म्हणून. अशा नायकांची खरी ओढ त्यातच आहे. त्याची बाजू घ्यावीशी वाटते आणि त्याची धास्तीही वाटते. म्हणून त्याचा जबडा उजेडात काढा, डोळे सावलीतच राहू द्या.