भातातलं आर्सेनिक: या चुका टाळा

बंगालमध्ये कूपनलिकेच्या पाण्यातलं आर्सेनिक हे विष अंगावर डागांच्या रूपानं उमटतंय, हे १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी ओळखलं. पुढे नदिया, मुर्शिदाबाद, उत्तर २४ परगणा या भागांत पिण्याच्या पाण्याची चर्चा पुष्कळ झाली. ताटातल्या भाताची मात्र उशिरा झाली, आणि चुका तिथेच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिण्याचं पाणी बदलायचं आणि शेताला तीच कूपनलिका चालू ठेवायची. बोरो, म्हणजे उन्हाळी भात, उपशाच्या पाण्यावरच उभा असतो. खाचरात सतत पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाला चिकटून बसलेलं आर्सेनिक सुटं होतं आणि मुळं ते सिलिकाच्या वाटेनं आत ओढतात. गव्हापेक्षा भातात ते जास्त सापडतं ते यामुळेच. अधूनमधून खाचर सुकू दिलं तर प्रमाण उतरतं. पण लोंबी निसवताना सुकवू नका, उत्पन्न बसतं. शिवाय फार कोरड्या मातीत कॅडमियम हा दुसरा विषारी धातू वर येतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दुसरी चूक पाणी उकळण्याची. आर्सेनिक म्हणजे जंतू नव्हे. वाफ उडते, ते भांड्यातच राहतं, उलट दाट होतं. त्याच पाण्यात शिजवलेला भात ते शोषून घेतो.

स्वच्छ पाणी हाताशी असेल तर आपल्या कोकणातल्यासारखा भात वेळून घ्यावा. शेफील्ड विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात वाटीभर तांदूळ चार वाट्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं शिजवून ते पाणी टाकलं, मग दोन वाट्या ताज्या पाण्यात मंद आचेवर भात केला. पांढऱ्या तांदळातलं सुमारे ७३ टक्के, तर ब्राऊन राइसमधलं ५४ टक्के असेंद्रिय (म्हणजे जास्त विषारी प्रकारचं) आर्सेनिक गेलं. फक्त ती पेज पिऊ नका! (जीवावर येतं, कबूल.)

ब्राऊन राइस पौष्टिक म्हणून डोळे झाकून तोच खाणं हीसुद्धा चूकच, कारण आर्सेनिक कोंड्यात साठतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची मर्यादाही म्हणूनच वेगळी आहे: पॉलिशच्या तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, बिनपॉलिशच्याला ०.३५.

पेंढ्यात दाण्यापेक्षा जास्त आर्सेनिक असतं. तो गुरांपुढे टाकण्याआधी विचार करा. आणि मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्या १२ घटकांत आर्सेनिक नाही, ती तपासणी वेगळी मागावी लागते.