ऑफ-रोड गाडीचे टायर घेताना या चुका टाळा

नवे टायर बघायला गेलेला माणूस आधी नक्षीवरून हात फिरवतो. खाचा खोल दिसल्या की त्याचं मन तिथेच बसतं. मीही पहिला सेट असाच घेतला. दुसऱ्याच फेरीत ओढ्यातून वर चढताना मागचं चाक एका धारदार दगडाला घासलं आणि टायरच्या बगलेत अंगठ्याएवढी चीर पडली. नक्षी नवी कोरी, पण टायर गेला. बगलेतला काप ठिगळ लावून भागत नाही, कारण चाक फिरताना तोच भाग सतत दुमडत असतो. कुणी लावून देतो म्हणाला तरी लावून घेऊ नका.

तेव्हापासून मी आधी बगल, म्हणजे साइडवॉल, बघतो. तिथे किती थर आहेत ते विचारा. काही ऑफ-रोड टायरना बगलेत तीन थर असतात, दगडधोंड्यांच्या वाटेसाठी तेच घ्यावेत.

बगलेवरचे आकडे न वाचणे

समजा, टायरवर 265/70 R16 112S लिहिलंय. रुंदी 265 मिलिमीटर, बगलेची उंची रुंदीच्या 70 टक्के, R म्हणजे रेडियल आणि रिम 16 इंची. इथवर सगळे वाचतात. खरा महत्त्वाचा आकडा पुढचा. 112 म्हणजे एक टायर 1120 किलो वजन पेलू शकतो, तर 104 असेल तर 900 किलोच. टपावर सामान, मागे पाण्याचे कॅन आणि गाडीत पाच माणसं असताना हा फरक जिवावर बेतू शकतो. मूळ टायरवर असलेल्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. शेवटचं S म्हणजे वेगाची मर्यादा ताशी 180 किलोमीटर. बऱ्याच मड टायरवर, म्हणजे चिखलासाठीच्या टायरवर, Q असतो, तिथे ती 160 वर येते.

DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडेही बघा. 2319 म्हणजे 2019 सालातला 23वा आठवडा. दुकानात पडून राहिलेला टायर न वापरताही कडक होतो. नक्षीच्या खाचांत बारीक भेगा दिसल्या तर तो तिथेच ठेवून या.

रोज डांबरी रस्ता आणि टायर मात्र चिखलाचे

मड-टेरेन टायरच्या ठोकळ्यांमध्ये मोठ्या फटी असतात, त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. पण त्याच फटींमुळे डांबरावर रबर कमी टेकतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लागतो, घरघर कानात बसते, इंधनही जास्त जातं. महिन्यातून एकदा कच्च्या वाटेवर जाणाऱ्याला ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारा टायर, पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मड टायर त्यांच्यासाठी, ज्यांची गाडी खरोखरच चिखलात राबते.

मोठा साइझ बसवून मोकळं होणे

265/70 च्या जागी 265/75 बसवला की 16 इंची रिमवर चाकाचा व्यास सुमारे 777 वरून 804 मिलिमीटरवर जातो. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ. काटा 100 दाखवत असेल तेव्हा गाडी खरं तर 103 च्या पुढे धावत असते. चाक फिरवायला आणि थांबवायला जोर जास्त लागतो. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, आणि एक चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा बघा. सपाट जागेवर न घासणारा टायर खड्ड्यात सस्पेंशन दबलं की फेंडरला घासतो.

सगळीकडे एकच हवा

हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः लांबीने वाढतो, पकड त्यामुळे येते. दगडी वाटेवर साधारण 18 ते 20 पीएसआय, मऊ वाळूत 15 च्या आसपास. त्याखाली साध्या रिमवरून टायर निसटण्याची भीती असते. डांबरावर परतण्याआधी हवा भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि आतून खराब होतो. प्रेशर गेज आणि छोटा कंप्रेसर नसेल तर हवा काढूच नका.

झीजही बरंच सांगते. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी, एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट बिघडलंय. चिखलातून आल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर लगेच बॅलन्सिंगला पळू नका. आधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल खरवडून काढा, बहुतेक वेळा थरथर तिथेच थांबते.

आणि स्टेपनी. फोर-बाय-फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणाऱ्या गाडीत, एक चाक लहान-मोठं असलं की फोर-व्हील लावताच गिअरच्या जोडणीवर ताण येतो. म्हणून टायर घेताना चार नव्हे, पाच घ्या, आणि चाकांच्या जागा आलटून-पालटून बदलताना (रोटेशन) स्टेपनीलाही त्यात फिरवत राहा.