राजकीय जाण आणि बातम्यांच्या सवयी: पुण्यात घरोघरी पाहणीला निघण्यापूर्वी

पाहणीचा हेतू एका वाक्यात लिहून काढणे हे पहिले काम आहे. ते वाक्य जमत नसेल, तर प्रश्नावली छापायला देऊ नये. आपल्या परिसरातील लोकांना राजकीय व्यवस्थेची कितपत माहिती आहे आणि ती त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर मत कोणाला दिले किंवा कोणाला देणार हा प्रश्न यादीत ठेवू नये. निवडणुकांच्या हंगामात पक्षांनी नेमलेली माणसे दारोदार फिरत असल्यामुळे पुणेकर या प्रश्नाला सरावलेले आहेत. तो विचारला की पुढची सगळी उत्तरे पक्षाच्या माणसाला द्यावीत तशी दिली जातात, आणि संध्याकाळपर्यंत ‘कोणाकडून आलात’ हे विचारायला प्रभागातील कार्यकर्तेही येतात. त्याच कारणाने निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत अशी पाहणी हाती न घेणे बरे.

हेतू ठरल्यावर प्रश्नांच्या आधी उत्तरे तयार करावीत. हे उलटे वाटले, तरी पुण्यात त्याला पर्याय नाही, कारण येथे ‘तुमचे खासदार कोण’ या साध्या प्रश्नाचे बरोबर उत्तर पत्त्यागणिक बदलते. पुणे लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. हडपसर मात्र शिरूर लोकसभेत आहे आणि खडकवासला बारामतीत. म्हणजे महापालिकेचा कर भरणारा, स्वतःला पक्का पुणेकर समजणारा, पण खडकवासला मतदारसंघात मोडणाऱ्या धायरीचा किंवा वारज्याचा रहिवासी पुण्याच्या खासदारांचे नाव सांगत असेल, तर ते उत्तर चूक धरावे लागते. उत्तरसूची हाती नसलेला पाहणीकर्ता, बहुधा स्वतः कोथरूडचा असल्याने, ते बरोबर म्हणून नोंदवून मोकळा होतो. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत महापालिकेचा कारभार चालत नाही, तेथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. शिवाय पुणे कॅन्टोन्मेंट नावाच्या विधानसभा मतदारसंघात महापालिकेच्या हद्दीतील वस्त्याही मोडतात, त्यामुळे नावावरून हद्द ठरवू नये. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महापालिकेत आली आणि त्यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची पुढे वेगळी झाली. शहराच्या कडेला काम करायचे असेल, तर प्रत्येक भागासाठी लोकसभा, विधानसभा, स्थानिक संस्था आणि क्षेत्रीय कार्यालय अशी चार रकान्यांची सूची करून ती पाहणीच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासून घ्यावी.

नगरसेवकाच्या प्रश्नाला आणखी काळजी हवी. २०१७ च्या निवडणुकीत बहुतेक प्रभागांतून चार सदस्य निवडून आले. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे राहिला आणि त्या काळात लोक जुन्याच माणसाला नगरसेवक म्हणत राहिले. म्हणून ‘तुमचा नगरसेवक कोण’ असे एकवचनात न विचारता ‘तुमच्या प्रभागातून निवडून आलेल्यांपैकी ज्यांची नावे आठवतील ती सांगा’ असे विचारावे, सांगितलेली सगळी नावे जशीच्या तशी लिहून घ्यावीत आणि बरोबर-चूक नंतर कार्यालयात ठरवावे. दारात उभे राहून गुण देऊ नयेत. समोरच्याला आपली परीक्षा चालली आहे असे वाटले, की तो एक तर आतल्या कोणाला तरी हाक मारतो किंवा मोबाईल काढतो. मोबाईल पाहून किंवा घरच्यांना विचारून दिलेल्या उत्तरासाठी वेगळी खूण ठेवावी.

नावे आणि पदे यांपुरती जाण मोजणे मला अपुरे वाटते. पदवीधर माणूस नावे पटापट सांगतो, पण पथदिवा बंद पडला तर तक्रार कुठे करायची, शिधापत्रिकेवरील नाव कुठे बदलते, शहर बससेवा चालवणारी पीएमपीएमएल आणि मेट्रो या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत की एकच, विजेच्या तक्रारीला महावितरण जबाबदार की महापालिका, असे विचारले की चित्र पालटू शकते. पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतील एखाद्या बाईंना पाण्यासाठी कोणत्या कार्यालयात कोणत्या टेबलापाशी उभे राहायचे हे जितके नेमके ठाऊक असते, तितके टँकरचा खर्च देखभाल शुल्कातून भरणाऱ्या सोसायटीतील सदस्याला असेलच असे नाही. तेव्हा निम्मे प्रश्न तरी व्यवहारातील असावेत. प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ हे दोन वेगळे पर्याय हवेत. ‘माहीत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवावे, नाहीतर लोक अंदाज बांधतात आणि अंदाज बरोबर निघाला की तो ज्ञानात जमा होतो.

बातम्यांच्या सवयींचा भाग सर्वांत सोपा वाटतो आणि तोच सर्वांत जास्त फसवतो. ‘तुम्ही रोज पेपर वाचता का’ या प्रश्नाला या शहरात ‘नाही’ म्हणणे अनेकांना जड जाते. म्हणून सवय विचारू नये, काल काय केले ते विचारावे: काल तुम्ही स्वतः पेपर हातात घेतला का, कुठे घेतला, त्यातली कोणती बातमी आठवते? ‘स्वतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण घरी पेपर येणे आणि घरातल्या प्रत्येकाने तो वाचणे यांत फार अंतर असते. उलट घरी पेपर न घेणारा माणूस केशकर्तनालयात, अमृततुल्यात किंवा मंडळाच्या वाचनालयात तो नियमित चाळत असतो. चौकातील वार्ताफलकही उत्तरांच्या पर्यायांत घ्यावा. ‘काल’ विचारायचे ठरले की पाहणीचे वारही विभागावे लागतात. सगळ्या मुलाखती सोमवारी घेतल्या, तर हाती फक्त रविवारच्या सवयी येतील. पेपर निघत नाहीत अशा सुटीच्या दुसऱ्या दिवशी तर काम ठेवूच नये.

बातमी कशावर पाहिली आणि ती कोणाची होती, हे दोन प्रश्न आहेत. ते एकाच रकान्यात कोंबू नयेत. सकाळी कोणीतरी वृत्तपत्राचे कात्रण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात टाकले आणि ते वाचले, तर माणूस व्हॉट्सॲप म्हणेल की पेपर? एखाद्या मराठी वृत्तवाहिनीची चर्चा यूट्यूबवर पाहिली, तर तो दूरचित्रवाणीचा प्रेक्षक धरायचा का? साधन आणि स्रोत वेगळे नोंदवले नाहीत, तर ‘लोक आता पेपर वाचत नाहीत’ असा ठोकळ निष्कर्ष निघतो. त्याखाली, पेपरचाच मजकूर दुसऱ्या दाराने घरात येतो आहे, ही गोष्ट दडून जाते. आलेला मजकूर पुढे पाठवला का आणि पाठवण्यापूर्वी कशाशी ताडून पाहिला का, हेही विचारावे, पण ‘तुम्ही खोट्या बातम्या पसरवता का’ असा सूर लागू देऊ नये. बढाई मोजायची असेल, तर वृत्तपत्रांच्या यादीत अस्तित्वात नसलेले एक नाव घालावे आणि ते वाचल्याचे किती जण सांगतात ते पाहावे. मुलाखत संपल्यावर मात्र ते नाव बनावट होते, हे सांगून टाकावे.

नमुन्याच्या बाबतीत आधी एक निवड करावी लागते: मतदार हवेत की रहिवासी? मतदार यादीचे भाग मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात आणि त्यांवरून नावे काढणे सोपे असते. एखाद्या भागात १२०० नावे असून त्यातून दहा हवी असतील, तर पहिल्या १२० मधील एक क्रमांक चिठ्ठीने काढून पुढे दर १२० वे नाव घ्यावे. परंतु पेठांमधून उपनगरांत गेलेल्यांची नावे वर्षानुवर्षे पेठेच्याच यादीत राहतात, आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एक खाट भाड्याने घेऊन, राहून अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींची नावे गावाकडच्या यादीत असतात. परिसरात वृत्तपत्र सर्वांत बारकाईने वाचणारी ही मंडळी यादीवर विसंबले की पाहणीतून साफ गळतात. रहिवासी हवे असतील, तर गल्लीची घरमोजणी स्वतः करावी, ठरावीक अंतराने दारे निवडावीत आणि घरातील प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत आधी येणार आहे त्याच्याशी बोलावे, म्हणजे दार उघडणाऱ्या कर्त्या पुरुषाचेच उत्तर प्रत्येक वेळी येत नाही. साधारण ४०० यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या, मुलाखतींतून निघणाऱ्या टक्केवारीत पाच टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात. एकाच गल्लीतील माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून वीस ठिकाणी वीस-वीसपेक्षा चाळीस ठिकाणी दहा-दहा मुलाखती घेणे चांगले. पेठा आणि हडपसर यांची तुलना करायची असेल, तर प्रत्येकासाठी पुरेशा मुलाखती हव्यात. चारशेचे दोन तुकडे करून भागत नाही. कुलूप दिसले की शेजारचे दार वाजवण्याचा मोह आवरावा आणि वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा जावे, कारण घरी सहज सापडतात ते निवृत्त लोक, आणि त्यांच्या बातम्यांच्या सवयी सबंध शहराच्या नसतात.

प्रत्यक्ष फिरण्याची तयारी थोडक्यात सांगता येईल. सोसायटीच्या अध्यक्षांना व सचिवांना आधी पत्र द्यावे, म्हणजे फाटकावर रखवालदाराशी हुज्जत होत नाही. एक प्रत जवळच्या पोलीस चौकीतही द्यावी. ओळखपत्र गळ्यात असावे, कपड्यांत किंवा उपरण्यात कोणत्याही पक्षाचा रंग नसावा, आणि जोडीत एक तरी स्त्री असावी. दुपारी एक ते चार या वेळेवरचे विनोद बाजूला ठेवले, तरी त्या वेळी बेल वाजवू नये. नोकरदारांसाठी संध्याकाळी सातनंतरची वेळ किंवा रविवारची सकाळ राखावी. पालख्या मुक्कामी असताना नाना पेठ आणि भवानी पेठ, तसेच गणेशोत्सवात पेठांचा सबंध भाग वगळावा. कॅम्प, कोंढवा आणि येरवड्यासाठी हिंदी प्रश्नावली हवी. ती घाईने दारात भाषांतर करून विचारू नये, आधी छापून घ्यावी.

छपाईपूर्वी एका वाड्यात, एका वस्तीत आणि एका मोठ्या सोसायटीत मिळून पंधरा-वीस जणांवर प्रश्नावली वापरून पाहावी. ज्या प्रश्नाला दोन-तीन जणांनी ‘म्हणजे काय?’ असे विचारले तो पुन्हा लिहावा आणि वेळ वीस मिनिटांच्या वर गेला तर प्रश्न गाळावेत. उत्तरे, आणि नाव-पत्ता-मोबाईल यांची चिठ्ठी, हे दोन कागद वेगळे ठेवावेत आणि त्यांना जोडणारा क्रमांक एकाच व्यक्तीकडे असावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यामागचे संमतीचे तत्त्व कागदावरच्या पाहणीतही पाळावे: माहिती कशासाठी घेतली, किती दिवस ठेवणार आणि उत्तर मध्येच थांबवता येते, हे मुलाखतीपूर्वी मराठीत वाचून दाखवावे. दर दहा मुलाखतींपैकी एका घरी पर्यवेक्षकाने फोन करून मुलाखत खरोखर झाली का एवढे विचारावे, आणि ही पडताळणी पूर्ण झाली की मोबाईल क्रमांकांच्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात.