ब्लॉकवरून डाइव्ह कशी मारायची: विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी

आपल्या मराठवाड्यातलं लेकरू विहिरीत शिकलेलं असलं की त्याला उंचीचं भ्याच नसतं, मुटका म्हणा सूर म्हणा बिनधास्त मारतंय, पण तेच लेकरू शालेय स्पर्धेत ब्लॉकवर (पूलच्या कडेला उडी मारायचा जो ओटा असतो त्यावर) उभं केलं की पार खोल जातं, अन् वर येईपर्यंत शेजारच्या लेनचा पुढं निघून गेलेला असतो. विहिरीत पुढं जायला जागाच नसते ना, उंच उडायचं अन् खोल जायचं हीच सवय.

आता हिशोब बघा. नियमानं ब्लॉक पाण्यापासून ५० ते ७५ सेंमी उंच असतो. ७० सेंमीवरून एखादी वस्तू नुसती सोडली तरी पाण्याला टेकताना तिचा स्पीड सेकंदाला ३.७ मीटर होतो. हा फुकटचा, सगळ्यांना सारखा, पण खालच्या दिशेचा. पुढच्या दिशेचा स्पीड मात्र ब्लॉकला मागं ढकलल्याशिवाय येत नाही, म्हणून उंच उडायच्या नादात पायातला जोर वाया घालू नका.

उभं राहताना एक पाय पुढं, बोटं ब्लॉकच्या कडेला घट्ट अडकवलेली, दुसरा मागं. मागं तिरकी प्लेट असलेले ब्लॉक २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये होते, तुमच्या पूलवर ती असली तर मागचा गुडघा साधारण ९० अंशात येईल अशी सेट करा. नसली तरी पाय मागंपुढं ठेवून स्टार्ट होतोच. कंबर वर, हातानं कड धरलेली, मान सैल. 'टेक युवर मार्क्स' (म्हणजे तयार व्हा) असा पुकारा झाला की नंतर अजिबात हलायचं नाही, इथं दुसरा चान्स मिळत नाही, फॉल्स स्टार्ट (बीपच्या आधीच सुटणं) म्हणजे बाद.

बीप वाजला की आधी हातानं ब्लॉक ओढायचा म्हणजे अंग पुढं झुकतं, मग मागचा पाय जोरात, अन् शेवटी पुढचा पाय पूर्ण सरळ होईपर्यंत ढकलायचा. बरेच जण हा शेवटचा धक्का अर्धाच देतात, तिथंच मार खातात.

हवेत असताना हनुवटी आत, हातावर हात, कान दंडांच्या मधे. बोटं जिथून पाण्यात गेली त्याच भोकातून डोकं, कंबर अन् पाय गेले पाहिजेत, जसा सुईत दोरा. पाणी हवेच्या जवळपास ८०० पट दाट, त्यात स्पीड दुप्पट झाला की विरोध चौपट, म्हणून छाती-पोट आपटलं की कमावलेलं सगळं तिथंच गेलं (अन् चटका बसतो तो वेगळाच).

आत गेल्यावर लगेच हात मारायचे नाहीत. पृष्ठभागाजवळ लाटा तयार करण्यात ताकद जाते, थोडं खाली राहिलं की ती वाचते. स्ट्रीमलाइन (हात पुढं ताणून अंग बाणासारखं सरळ) धरून सरकायचं, स्पीड आपल्या पोहण्याच्या स्पीडवर आला की डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारायचे) सुरू, अन् १५ मीटरच्या आत डोकं बाहेर. ब्रेस्टस्ट्रोकला (बेडकासारखं पोहतात त्याला) १५ मीटरचा नियम नाही, पण तिथं पाण्याखाली हाताचा एकच मोठा ओढा अन् एकच डॉल्फिन किक चालते.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, प्रॅक्टिस खोल बाजूलाच. नियमात ब्लॉकपुढं कमीत कमी १.३५ मीटर खोली लागते, पण ती सूर नीट जमणाऱ्यांसाठी. विहिरीच्या सवयीनं उभा सूर मारला अन् खाली चार फूटच पाणी असलं तर डोकं सरळ फरशीवर आपटतं, मान कायमची जाऊ शकते. कोच हजर नसताना ब्लॉकवर चढूच देऊ नका.