रेन गार्डन करताय? या चुका टाळा

पुण्यातल्या पाषाण तलावावर जलपर्णी माजली की सगळे महापालिकेच्या नावाने ओरडतात. तिला पोसणारं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) तलावात रामनदीतून येतं, आणि रामनदीत ते आपल्या सोसायट्यांच्या पावसाळी गटारांतूनही उतरतं. गटाराचं पाणी नाल्याला लागण्याआधी वाळू-मातीच्या खोलगट वाफ्यात मुरवणं, हे रेन गार्डनचं काम. ते चांगलं चालतं, पण लोकांना धीर नसतो.

मला सगळ्यात संताप येतो तो शेणखताचा. बाणेरच्या एका सोसायटीत आम्ही धुतलेली वाळू, थोडी माती आणि अगदी नावाला कंपोस्ट असं मिश्रण भरून दिलं होतं. वाफ्यात लावलेली कर्दळ लगेच फोफावली नाही म्हणून कमिटीने परस्पर ट्रॉलीभर शेणखत पसरलं, वर डीएपी हे रासायनिक खत. पुढच्या जोरदार सरीला वाफ्याच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या पाइपातून कोऱ्या चहासारखं पाणी आलं. नमुने तपासले, तर आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या पाण्यात फॉस्फेट, म्हणजे विरघळलेलं स्फुरद, जास्त! डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत खताच्या हिशेबाने (P₂O₅ धरून) २३ किलो स्फुरद असतं. ते मुळांना लागायच्या आत नाल्यात गेलं. शेवटी वरचा थर खरवडून मिश्रण नव्याने भरावं लागलं. या वाफ्याला वरखत लागतच नाही. पावसाचं पाणीच पुरेसं खत घेऊन येतं.

दुसरी गोष्ट नायट्रेटची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राची. ते वाळूत अडकत नाही, पाण्याबरोबर निघून जातं. म्हणून तळाचा पाइप थेट बाहेर काढू नका. एल्बो (काटकोनी जोड) लावून त्याचं तोंड फूट-दीड फूट वर घ्या. खालच्या थरात पाणी धरून राहतं, तिथे हवा पोचत नाही आणि जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. त्यांच्या खाद्यासाठी मी तळाच्या खडीत लाकडाचे तुकडे मिसळतो. प्लंबर ‘पाणी तुंबेल’ म्हणून हमखास अडून बसतो. ऐकू नका. वर साचलेलं पाणी दिवसभरात उतरलं म्हणजे डासांचीही भीती नाही.

काळ्या मातीत नुसता खड्डा खणून पाणी मुरत नाही. वाफ्यात पाणी शिरतं त्या तोंडाशी गाळ अडवणारी छोटी कुंडी हवीच. पावसाळी लाइनीत कुणी संडास-मोरीचं पाणी जोडलं असेल, तर आधी ते तोडा. तोवर बागेवर पैसे घालू नका.

आणि कर्दळ वर्षातून दोनदा तरी कापा. कापलेला पाला तिथेच कुजू दिलात तर शोषलेलं सगळं परत पाण्यात येईल. तो उचलून दूर, कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.