लोकसंख्येचा अभ्यास करताना या चुका टाळा, नाहीतर आकडे बरोबर आणि अर्थ चुकीचा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वाढीचा दर आणि प्रत्यक्ष वाढ यात. दर कमी झाला असं वाचलं की लोक लगेच म्हणतात, चला, लोकसंख्या घटायला लागली. अजिबात नाही! 1960 च्या दशकाच्या शेवटी जगात साधारण साडेतीन अब्ज माणसं होती आणि दर होता वर्षाला 2 टक्क्यांच्या थोडा वर, आता आपण 8 अब्जांच्या पुढे गेलोय आणि दर 1 टक्क्याच्या खाली आलाय, पण गुणाकार करून बघा, दोन्ही वेळा वर्षाला 7 कोटींच्या आसपासच भर पडते. दर शून्याच्या वर आहे तोवर आकडा वाढतच राहणार.

उत्तर दहापट येतंय? मग एकक बघा. जन्मदर, मृत्युदर दर हजारी असतात आणि वाढीचा दर टक्क्यात. जन्मदर 20, मृत्युदर 8, वजाबाकी 12, आणि पुढे सरळ 12 टक्के लिहून मोकळे. ते 1.2 टक्के आहे. एका देशाचं गणित असेल तर स्थलांतर पण धरायचं.

लोकसंख्या दुप्पट कधी होईल यासाठी 100 ला दराने भागू नका, वाढ चक्रवाढ असते, 70 ला भागा. 2 टक्क्यांना 35 वर्षं.

आता मृत्युदर, इथे भलेभले फसतात. जपानमधली माणसं जगात सर्वात जास्त जगणाऱ्यांपैकी, तरी तिथला मृत्युदर बांगलादेशापेक्षा दुपटीच्या आसपास दिसतो, मग काय जपानची आरोग्यसेवा वाईट म्हणायची का? तिथे वयस्कर लोकच खूप आहेत म्हणून तसं दिसतं. वयाची रचना न बघता दोन देशांचे मृत्युदर शेजारी ठेवूच नका प्लीज. प्रजनन दराचंही तसंच, बाईमागे मुलं 2.1 पर्यंत खाली आली, म्हणजे आईबापांची जागा भरून निघण्यापुरतीच उरली, की वाढ थांबली असं नसतं, आधी जन्मलेल्या मुली मोठ्या होऊन आई होतात आणि पुढची काही दशकं आकडा चढतच राहतो.

आणि मला सगळ्यात खटकणारी चूक, "पूर्वी आयुर्मान 35 होतं, म्हणजे लोक पस्तिशीत म्हातारे होऊन मरायचे". अहो, ती सरासरी आहे! समजा 10 बाळं जन्मली, 4 पहिल्या वर्षातच गेली आणि 6 जण साठीपर्यंत जगले, सरासरी आली 36, पण पस्तिशीत मेलं कोण? कुणीच नाही. आता त्या 4 पैकी 3 बाळं लस आणि स्वच्छ पाण्यामुळे वाचून साठीपर्यंत पोचली असं धरा, सरासरी थेट 54 वर जाते आणि म्हातारी माणसं मात्र पूर्वीइतकीच जगतायत.